बीपीचं शिबिर घ्यावं की गोळ्यांचा हिशेब बसवावा? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या पीएचसींसाठी (प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी)

केंद्राच्या आरोग्य रक्षा समितीकडे थोडा निधी शिल्लक दिसला की पहिली सूचना येते ती शिबिराची. जांबोटी-कणकुंबीकडच्या आडवळणी वाड्यांसाठी ती रास्तही आहे. तिशी ओलांडूनही ज्यांचं बीपी कुणी मोजलेलं नाही, असे लोक एका दिवसात सापडतात. पुढचं मात्र शिबिराच्या हातात नसतं.

दुसरा पर्याय म्हणजे नोंद, गोळी, फेरतपासणी आणि पुढची मागणी हे सगळं एकत्र पाहणं. समजा, १८० रुग्णांना अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या औषधाची ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी आहे. महिन्याला ५,४०० गोळ्या हव्यात. साठा संपून निम्मे रुग्ण रिकाम्या हातानं परतले, तर रजिस्टरमध्ये खप २,७०० दिसतो. पुढचा इंडेंट (औषधांचं मागणीपत्र) त्या खपावरच गेला की तुटवडा कायमचा होतो, कागदोपत्री मात्र सगळं आलबेल. त्यात शिबिरातून नवे रुग्ण आले की ओढाताण आणखी वाढते. म्हणून मागणी नोंदलेल्या रुग्णांवरून काढावी: तिमाहीला १६,२०० आणि महिन्याचा राखीव साठा ५,४००. ज्यांना १० मिलिग्रॅम लागतं त्यांच्या दोन गोळ्या धराव्यात. इथं हमखास चूक होते.

याला पैसा फारसा लागत नाही, पण डॉक्टर, फार्मासिस्ट, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आशाताई आणि एखादा रुग्ण यांना दोन तास एकत्र बसवावं लागतं. फार्मासिस्टला बोलावलं नाही तर बैठक वाया गेली समजा.

सीमाभागातली अडचण वेगळीच. रुग्ण महाराष्ट्रात गडहिंग्लजला किंवा चंदगडला दाखवून येतो, तिकडे गोळी बदलते आणि इथल्या वहीत तो नुसता गैरहजर. बीपी, गोळी आणि तारीख लिहिलेलं कार्ड त्याच्याच खिशात हवं. सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या दवाखान्यांत ते वाचता येईल. पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या वाड्यांवर, ज्यांचं बीपी आटोक्यात आहे त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या आधीच द्याव्यात; त्यासाठी उन्हाळ्यातला इंडेंट तेवढा वाढवावा.

शिबिरात किती तपासले ते मोजतात. इथं मोजायचं ते असं: नोंदलेल्यांपैकी किती जणांचं बीपी गेल्या तीन महिन्यांतल्या शेवटच्या तपासणीत १४०/९० च्या खाली होतं? न आलेले रुग्णही एकूण संख्येत धरायचे, नाहीतर आकडा उगाच छान दिसतो.

आमचं मत दुसऱ्या पर्यायाकडे. तिमाहीभर साठा न तुटता चालला, की मग शिबिर खुशाल घ्यावं. नव्या रुग्णांच्या पहिल्या महिन्याच्या गोळ्या तेवढ्या आधी कपाटात असाव्यात.