रायडर राहावं की हबचा टीम लीडर व्हावं?

पार्सलमागे पैसे मिळणाऱ्या रायडरने हबच्या, म्हणजे पार्सलं वाटपासाठी निघतात त्या केंद्राच्या, टीम लीडरचा पगार आपल्या एकूण कमाईशी ताडून बघू नये. आधी पेट्रोल, ऑइल, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट आणि टायरची झीज वजा करा. नाशिकच्या सिडकोसारख्या दाट वस्तीत बरं उरतं. गंगापूर रोडला शहराबाहेर घरं लांब लांब, पेट्रोल जास्त, आणि ग्राहक घरी नसला की फेरी फुकट.

टीम लीडरच्या मूळ पगारातून पीएफचे 12 टक्के कापले जातात. पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर सहसा ईएसआयसीही, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी. त्या कपातीवर नाराज होऊ नका. आजारपणात पार्सलवाल्याची कमाई त्याच दिवशी थांबते; ईएसआयसीत ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असेल तर पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतात. घरात कमावणारं एकच माणूस असेल, तर आमच्या मते हाच मुद्दा सगळ्यात वजनदार.

मात्र टीम लीडरचं खरं काम रात्री, रायडरांचा हिशेब जुळवताना सुरू होतं. मशीनवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं, पण कॅश कमी भरते. किंवा एखादं पार्सल ना पोचलेलं, ना परत आलेलं. सकाळी घाईत बॅग न मोजता रायडर सुटला की हे हमखास होतं. म्हणून निघताना प्रत्येक पार्सल स्कॅन, परतताना न पोचलेली पार्सलं आधी आणि कॅश नंतर. शॉर्टेज कोणाच्या पगारातून कापणार, हे नेमणूकपत्रात लेखी घ्या.

दिवाळीत रायडरला जादा पार्सलांचे जादा पैसे मिळतात. टीम लीडरचे तास वाढतात, ओव्हरटाइम मिळेलच असं नाही. तेही आधीच विचारा.