काटा मध्यावर होता आणि पाणी उकळत होते

जुनी गाडी ट्रेलर ओढत घाट चढली की गरम होणारच, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्याच्या आडून फसवणूक करणे फार सोपे जाते. माझ्या वडिलांच्या महिंद्रा सीजे-३बी जीपच्या बाबतीत तेच झाले. जुन्या गाडीला ट्रेलर जोडून लांबचा प्रवास करणारी मंडळी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

मुळात ही गाडी ओझे ओढण्यासाठीच घडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात हिच्या पूर्वज असलेल्या विलीज जीपने पाव टनी ट्रेलर आणि ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा ओढल्या. महिंद्रांनी १९४७ नंतर आपल्याकडे जीप जोडायला सुरुवात केली ती याच घराण्यातली. सीजे-३बीमधले सुमारे २,२०० सीसीचे हरिकेन इंजिन थोडे वेगळ्या रचनेचे आहे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे इंधन-हवा आत घेणाऱ्या झडपा, वर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला वायू सोडणाऱ्या झडपा, खाली ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यात). जळालेला वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडत असल्यामुळे त्याची बरीच उष्णता भोवतालच्या पाण्यात उतरते आणि ती बाहेर टाकण्याचा सगळा भार रेडिएटरवर येतो. रेडिएटर निरोगी असेल तर ही गाडी भर उन्हाळ्यात ट्रेलरसह घाट चढते. वडिलांच्या काळात ती वर्षानुवर्षे चढत आली.

दर उन्हाळ्यात देवगडहून घरच्या कलमांचे आंबे ट्रेलरमध्ये घालून आम्ही फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर या मार्गाने पुण्याला आणतो. गेल्या हिवाळ्यात रेडिएटर पाझरू लागला, म्हणून जुन्या गाड्यांचे खास काम करतो असे सांगणाऱ्या पुणे परिसरातल्या एका गॅरेजमध्ये जीप दिली. मालकांनी रेडिएटर पाहून सांगितले, की कोअर, म्हणजे पाणी वाहणाऱ्या नळ्यांची मधली जाळी, संपला आहे, वरची आणि खालची पितळी टाकी तीच ठेवून मध्ये तांब्याचा चार ओळींचा नवा कोअर बसवू, जोडीला वॉटर पंप दुरुस्त करू आणि होज बदलू. ट्रेलर ओढायचा आहे आणि मे महिन्यात घाट चढायचा आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. जुना कोअर परत द्या, असेही सांगून ठेवले होते. गाडी घ्यायला गेले तेव्हा मात्र, ‘ताई, तो भंगारात गेला, त्याला काही किंमत नव्हती,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर खरे असणे शक्यच नव्हते, कारण तांब्याला भंगारातही चांगला भाव येतो आणि ते कोणीही सहजासहजी टाकून देत नाही.

गाडी ताब्यात देताना मालकांनी मला सपाट रस्त्यावर ट्रेलरशिवाय फेरी मारून दाखवली. तापमानाचा काटा मध्याच्याही खाली राहिला. बॉनेटमधून तापलेल्या रंगाचा वास येत होता, तो नव्या रंगाचा आहे आणि लवकरच जाईल, असे सांगण्यात आले. बिलावर ‘नवीन कोअर, चार ओळी, तांबे’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले होते, आणि तेच पुढे उपयोगी पडले.

मे महिन्यात भरलेला ट्रेलर घेऊन फोंडा घाट चढताना मी दुसऱ्या गिअरमध्ये होते आणि काटा मध्यावर स्थिर होता. अर्ध्या चढावर इंजिनाची ओढ कमी झाली, ठोके ऐकू येऊ लागले आणि पाठोपाठ बॉनेटच्या फटींतून वाफ आली. त्या क्षणीसुद्धा काटा मध्यावरच होता. बाजूला घेऊन थांबलो, ट्रेलरच्या चाकांना दगड लावले आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. दाबाखालचे पाणी झाकण उघडताच उसळून माणसाला भाजते, आणि तापलेल्या ब्लॉकमध्ये थंड पाणी ओतले तर त्याला तडा जाऊ शकतो. एका आंब्याच्या टेम्पोचे चालक थांबले, त्यांनी आपले पाण्याचे कॅन दिले आणि आम्हाला सोबत केली, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पाणी भरून गाडी चालू केली तर मागून पांढरा धूर येत होता, आणि ऑइलची कांडी बाहेर काढली तर ऑइल चहासारखे दुधाळ झालेले दिसले. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सील, गेले होते. जीप आणि ट्रेलर दोन्ही दुसऱ्या वाहनावर चढवून कोल्हापूरला न्यावे लागले.

कोल्हापूरच्या रेडिएटर मिस्त्रींनी पंखा उतरवला आणि कोअरची मागची बाजू दाखवून एवढेच म्हणाले, ‘ताई, ह्यो कोअर नवा न्हाई, निस्ता रंगवल्याला हाय.’ मी वाकून पाहिले. काळ्या रंगाच्या जाड थराखाली जाळीवर एक अर्धवर्तुळाकार ओरखडा होता. खूप वर्षांपूर्वी इंजिनाचे माउंटिंग तुटून पंख्याची पाती कोअरला घासली होती, त्याची ती खूण आहे हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. नव्या कोअरवर ती असणे शक्य नाही. मिस्त्रींनी दोन्ही टाक्या झाळ सोडवून काढल्या तेव्हा पाझरणाऱ्या नळ्या दोन्ही टोकांना झाळून बंद केलेल्या सापडल्या, त्याही बहुतेक मधल्या भागातल्या, जिथे पंख्याची हवा सर्वांत जोरात लागते. उरलेल्यांतल्या अनेक नळ्या गाळाने अर्ध्या भरलेल्या होत्या. वर रंगाचा एवढा जाड थर दिला होता, की जाळीच्या पट्ट्यांमधून हवा धड जात नव्हती. म्हणजे पाण्याची वाट अडवली होती आणि हवेचीही.

मग काटा शांत का होता, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर डॅशबोर्डच्या मागे सापडले. सेंडरकडून, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचे तापमान टिपणाऱ्या भागाकडून, काट्याकडे येणाऱ्या तारेत काळी टेप गुंडाळलेला एक गोळा होता आणि टेप सोडवल्यावर आतून रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा छोटा भाग, निघाला. माझ्या जीपच्या तापमापकाचा सेंडर असा असतो, की पाणी तापत जाईल तसा त्याचा विद्युत रोध कमी होतो आणि काटा चढतो. मध्ये जादा रोध घातला की पाणी कितीही तापले तरी काट्याला ते थंड वाटते. गळका रेडिएटर रंगवून नवा म्हणून विकणे ही लबाडी झाली. पण चालकाला धोक्याची सूचना देणारे एकमेव साधन मुद्दाम खोटे करणे, तेही ट्रेलर घेऊन घाटात जाणार आहे हे माहीत असताना, याला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

थर्मोस्टॅटही, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपही, काढून टाकलेला होता. पाणी मोकळे फिरले की गाडी थंड राहते, असे पुष्कळ मेकॅनिक मनापासून मानतात, त्यामुळे याला मी फसवणूक म्हणत नाही. मात्र त्याने रोगावर पांघरूण पडते. तसेच रेडिएटरला जास्त दाबाचे नवे झाकण लावण्याचे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो हे खरे आहे, चौरस इंचावरच्या दर पौंड दाबामागे साधारण दीड अंश सेल्सिअस. पण झाळकाम केलेल्या जुन्या पितळी टाक्या आजच्या गाड्यांचा दाब सोसत नाहीत आणि शिवणीवर उकलतात.

कोअर बदलायला देणाऱ्यांनी जुन्या कोअरचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत आणि त्याच्या चौकटीवर कुठेतरी स्वतःची बारीक खूण करावी. नवा कोअर टाकीला झाळण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावा, नळ्यांच्या ओळी मोजाव्यात, आणि जुना कोअर हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. काम झाल्यावर इंजिन तापवून, ते बंद करून, इन्फ्रारेड तापमापक कोअरवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आडवा फिरवावा. बंद नळ्यांच्या जागी थंड पट्टे लगेच दिसतात. सेंडर उतरवून त्याची अर्थिंग जोडून उकळत्या पाण्यात बुडवला तर काटा खरे बोलतो की नाही ते कळते. सेंडरपासून काट्यापर्यंतची तार बोटांनी चाचपत जावे. तिच्यात टेपचा गोळा लागला तर तो उघडलाच पाहिजे. आणि गाडीची परीक्षा ट्रेलर जोडून, चढावरच घ्यावी. सपाट रस्त्यावर अर्धा बंद रेडिएटरसुद्धा पुरतो. चढावर वेग कमी असल्याने समोरून हवा मिळत नाही आणि इंजिन मात्र पूर्ण जोर लावत असते, तेव्हाच त्याचा कस लागतो. त्याच कारणाने खालचा गिअर वेळेआधी टाकावा, म्हणजे इंजिनासोबत पंखा आणि पंपही वेगाने फिरतात.

गॅरेजमालकांना मी फोटो पाठवले, तेव्हा त्यांनी प्रथम ‘ओझे जास्त असेल’ असे उत्तर दिले आणि लेखी नोटीस गेल्यावर कोअर फुकट बदलून देऊ म्हणाले. मी नकार दिला, कारण हेड फेस करण्याचा (त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करण्याचा), गॅस्केटचा आणि गाडी वाहून नेण्याचा खर्च त्यांच्याच कामामुळे झाला होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारणा करता येते. बिल, कोल्हापूरच्या मिस्त्रींचे लेखी निवेदन, टाकी उघडतानाचे फोटो आणि तारेसह कापून काढलेला रेझिस्टर जोडून मी तक्रार दाखल केली आहे. सुनावणी व्हायची आहे.