थार पेट्रोल, अकरा महिने, १४,२०० किलोमीटर : टाकीत भरायचं तरी काय?

गेल्या दसऱ्याला गाडी घेतली आणि पूजा आटोपून थेट पंपावर गेलो. पंपावरच्या मुलाने विचारलं, "दादा, साधं की पॉवर?" मी "पॉवर" म्हणालो, कारण नव्या गाडीला चांगलंच द्यावं असं वाटलं. पण का चांगलं, हे मला सांगता आलं नसतं. थारच्या सीट, सस्पेन्शन, टायर यांवर भरपूर लिहून झालंय. मी फक्त इंधनाबद्दल लिहितो, कारण याच बाबतीत मला सगळ्यात जास्त उलटसुलट सल्ले मिळाले.

गाडी नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात बनलेली, म्हणजे आमच्या गंगापूर रोडच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ३०० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरचं मॅन्युअल, फोर बाय फोर. इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

डिझेल का नाही, हे थोडक्यात. माझं रोजचं ऑफिस सहा किलोमीटरवर आहे आणि लांबची फेरी शनिवार-रविवारीच. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जळून जायला गाडी सलग वेगात धावावी लागते. सीबीएस ते कॉलेज रोड अशा फेऱ्यांत ते होत नाही. महिन्याला दोन हजार किलोमीटर हायवे असता, तर डिझेलच घेतलं असतं.

आता पेट्रोल. ऑक्टेनचा आकडा ताकद सांगत नाही. दाबाखाली, उष्णतेत, स्वतःहून न पेटता पेट्रोल किती तग धरतं, ते सांगतो. टर्बो हवा दाबून आत कोंबतो आणि दाबलेली हवा तापते. त्यामुळे टर्बो इंजिनात साध्या इंजिनापेक्षा नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल असं स्वतःहून पेटण्याची, भीती जास्त. नॉक सेन्सरला तो आवाज लागला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. आपल्याला बोनेटबाहेर काही ऐकूही येत नाही, फक्त गाडी "आज जड वाटतेय" असं वाटतं.

इथे माझा अमेरिकेतला मावसभाऊ म्हणाला, "आम्ही ८७ टाकतो, काही होत नाही." मला वाटलं, मग आपलं ९१ तर उत्तमच! चूक. तिकडच्या पंपावरचा आकडा दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो. आपल्याकडे त्यांपैकी एकाच चाचणीचा, आरओएनचा, आकडा सांगतात आणि तो नेहमी मोठा येतो. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१-९२ आणि त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. परदेशी व्हिडिओ पाहून इंधन ठरवणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

दुसरी गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. बीएस-६ चं साधं पेट्रोल ९१ आरओएनचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलचा स्वतःचा आकडा १०८ च्या आसपास, त्यामुळे ई२० च्या मानकातच किमान ९५ आरओएन धरलंय. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते जास्त उष्णता शोषतं. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या इंजिनात आतली हवा त्याने थंड होते. म्हणजे नॉकिंगच्या बाजूने पाहिलं तर टर्बो थेट-इंजेक्शन इंजिनाला ई२० सोयीचंच पडतं. उलट बाजू मायलेजची. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी. गणित केलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. "मायलेज पडलं" ही तक्रार खोटी नाही. माझी गाडी ई२० साठीच बनलेली आहे, म्हणून रबर-सीलची काळजी नव्हती. २०२३ च्या आधीची गाडी असेल तर टाकीच्या झाकणाजवळचं स्टिकर आणि पुस्तिका आधी वाचा.

मग ९५ ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलच्या, म्हणजे त्या "पॉवर"च्या, वेगळ्या नोझलला सात-आठ रुपये जास्त कशाला द्यायचे? हे मी वहीत लिहून तपासलं. टाकी ऑटो कटपर्यंत भरायची, पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच नोझलला पुन्हा कटपर्यंत, आणि मधले किलोमीटर मोजायचे. डॅशबोर्डवरचा मायलेजचा आकडा धरला नाही. साध्याच्या चार टाक्या, ९५ च्या चार टाक्या, शहर आणि हायवे मिळून. साध्यावर सरासरी १०.६, तर ९५ वर १०.८. साधं १०४ च्या आसपास आणि ९५ वालं ११२ धरलं तर किलोमीटरला नऊ रुपये ८१ पैसे विरुद्ध दहा रुपये ३७ पैसे. छप्पन्न पैशांचा फरक, म्हणजे माझ्या अकरा महिन्यांत जवळपास आठ हजार. आणि मायलेजमधला तो ०.२ चा फरक एखाद्या सिग्नलवर जास्त थांबलं तरी पडतो.

एक्सपी१००, म्हणजे १०० ऑक्टेनचं पेट्रोल, सुद्धा एकदा वीस लिटर टाकून पाहिलं, मुंबईला गेलो होतो तेव्हा, टाकी जवळजवळ रिकामी असताना. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने आणलेलं हे इंधन. साध्याच्या दीडपट भाव. मला काही म्हणजे काहीच फरक जाणवला नाही. ज्या इंजिनाचा ईसीयू तेवढ्या ऑक्टेनचा फायदा घेण्यासाठी लिहिलेलाच नाही, त्याला शंभर दिलं काय आणि ९५ दिलं काय.

खरा धडा कसारा घाटात मिळाला. मे महिना, दुपारचे अडीच, मुंबईहून परतीचा चढ, आत चार जण, एसी पूर्ण. पुढे ट्रेलर. मी चौथ्या गिअरमध्ये १४०० आरपीएमवर होतो आणि ट्रेलर बाजूला झाला तसा गिअर न बदलता पॅडल दाबलं. बोनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. जेमतेम दोन सेकंद. तिसरा टाकला, काटा २२०० वर गेला, आवाज गायब. टाकीत साधं पेट्रोल होतं. पुढच्या महिन्यात ९५ भरून त्याच चढावर मुद्दाम तसंच केलं, आवाज आला नाही. जिंकलो असं वाटलं! पण तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि हवा गार होती. म्हणून आणखी एकदा साधं भरून सकाळीच गेलो. तेव्हाही आवाज नाही. म्हणजे नोझलपेक्षा उष्णतेचा आणि माझ्या गिअरचा हात मोठा होता.

कमी आरपीएमवर टर्बोकडून जास्त काम मागणं या इंजिनांना सगळ्यात वाईट. तिथे ठिणगीआधीच पेट घेण्याचा प्रकार होतो आणि त्याचं एक कारण सिलिंडरमध्ये येणारे ऑइलचे थेंब हेही आहे. २०२० पासूनची एपीआय एसपी ग्रेडची ऑइलं त्यासाठी तपासलेली असतात. सर्व्हिसला डब्यावरची ग्रेड स्वतः वाचा.

प्रीमियम पेट्रोलमधल्या साफसफाईच्या रसायनांबद्दलही ऐकलं असेल. "व्हॉल्व्ह स्वच्छ राहतात" असं मला एकाने ठासून सांगितलं. आमच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरची काजळी कुठल्याही पेट्रोलने धुतली जाणार नाही. इंजेक्टरच्या तोंडाला मात्र त्या रसायनांचा उपयोग होतो. म्हणून मी दर चार-पाच टाक्यांनंतर एकदा ९५ भरतो. तेवढं मला पटतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. जुलैत भंडारदऱ्याहून येताना आडरस्त्याच्या एका पंपावर वीस लिटर भरलं. पंपाचं नाव लिहीत नाही. पाऊस धो धो, पंपावर दुसरी एकही गाडी नाही. दहा किलोमीटरवर इंजिन आचके देऊ लागलं, पिवळा दिवा लागला आणि घोटीजवळ गाडी बंद. मागच्या सीटवर आई होती, अंधार पडत होता. तो तास मी विसरणार नाही. टो करून नाशिकला आणली, टाकी उतरवली, मेकॅनिकने पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं. पंधरा मिनिटांत बरणीत दोन थर दिसले. "भाऊ, खालचं बघा, हे पेट्रोल नाही," तो म्हणाला.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी मुरून जातं, पण मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. वर उरलेल्या पेट्रोलमधलं इथेनॉल गेल्यामुळे त्याचं ऑक्टेनही घसरतं. टाकी आणि इंधनाची लाइन धुणं, फिल्टर, टो धरून अकरा हजार गेले. बिल जपून ठेवलं नव्हतं म्हणून पंपाकडे दाद मागता आली नाही, याची खंत आहे. तेव्हापासून प्रत्येक बिल जपून ठेवतो.

त्या दिवसानंतर माझा प्रश्नच बदलला. साधं की ९५, हे आता दुसऱ्या नंबरला. आधी पंप. दिवसभर रिक्षा-टॅक्सींची रांग असणारा, म्हणजे जिथे साठा पडून राहत नाही, असा पंप मी ठरवलाय. सहलीला निघताना ५७ लिटरची टाकी नाशकातच भरतो, सापुतारा किंवा भंडारदरा करून परत येईपर्यंत बाहेर भरायची वेळ येत नाही. नवीन पंपावर भरावंच लागलं तर फिल्टर पेपर मागतो. थेंब वाळल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय धरायचा. पेपर मागणं हा आपला हक्क आहे, संकोच करू नका. बोर्डावरची घनताही बघतो, बीएस-६ पेट्रोलची ७२० ते ७७५ च्या दरम्यान असायला हवी. पण या दोन्हींनी टाकीतलं पाणी पकडलं जाईलच असं नाही, म्हणून पावसाळ्यात रिकाम्या पंपावर भरतच नाही.

आणि पावसात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो. रिकाम्या जागेत दमट हवा कमी राहते. माझा धाकटा भाऊ उलट करायचा, "उभ्या गाडीत पैसे कशाला अडकवायचे" म्हणून पाव टाकीवर सोडायचा. घोटीचा किस्सा ऐकल्यापासून त्यानेही सवय बदलली.

१४,२०० किलोमीटरनंतर इंजिन गुळगुळीत चालतंय, दिवा पुन्हा लागलेला नाही. परवा समृद्धी महामार्गाने इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत गेलो, साध्या पेट्रोलवर, सहाव्या गिअरमध्ये २२०० आरपीएम धरून. वहीत त्या टाकीसमोर ११.९ लिहिलंय.