लक्ष्मी तलावाकाठचा घरगुती मुक्काम

कोल्हापूरहून सुमारे ५५ किलोमीटरवर, राधानगरीच्या लक्ष्मी तलावाजवळ माझ्या मित्राच्या आईवडिलांनी राहत्या घरातील दोन खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या केल्या आहेत. आम्ही पूर्ण भाडे देऊन राहिलो, त्यामुळे मैत्रीचा मुलाहिजा न ठेवता हा अभिप्राय लिहीत आहे.

या घराची खरी श्रीमंती स्वयंपाकघरात आहे. काकू चुलीवर नाचणीची भाकरी थापतात, ती टम्म फुगली की तव्यावरून थेट ताटात येते आणि शेजारी पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा खरडा व कच्चा कांदा असतो. शनिवारी रात्रीचा पांढरा रस्सा तर इतका हलका होता, की शहरातील खानावळींत मिळणारा मसालेदार प्रकार मला आता नकोसा वाटतो.

संध्याकाळी काका पडवीत बसून राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या तलावाच्या धरणाची माहिती देतात. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की येथील सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबाने उघडतात आणि मग पंचगंगेकाठच्या आम्हा कोल्हापूरकरांची झोप उडते. जवळच गव्यांसाठी ओळखले जाणारे दाजीपूरचे जंगल आहे. गवा मात्र आम्हाला दिसला नाही.

उणिवाही सांगायला हव्यात: गाद्या पातळ आहेत, मोबाईलला रेंज जवळपास नाही (मला ती सोयच वाटली), आणि अंघोळीचे पाणी बंबात तापत असल्याने सकाळी उशिरा उठणाऱ्याला ते कोमटच मिळते.