अर्का रक्षकची रोपं: कुंडीत पहिल्यांदा टोमॅटो लावताय, तर हीच घ्या

रोपवाटिकेत नुसतं ‘टोमॅटो’ म्हणून रोपं देत असतील तर आधी वाण विचारा, आणि अर्का रक्षक असेल तर डोळे मिटून घ्या. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा हा संकरित वाण लीफ कर्ल (पानं आकसून मुरडणारा) विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. मर लागलेलं झाड हिरवंगार असतानाच कोमेजतं आणि मग त्यावर इलाज नसतो. नवख्या माणसाला त्यामुळेच हा वाण सांगावासा वाटतो.

वाण चांगला असला तरी रोप बघूनच घ्यायचं. २१ ते २५ दिवसांचं, वीतभराहून कमी उंचीचं, बुंधा जाड, ४-५ खरी पानं (उगवताना येणारी पहिली दोन सोडून). ट्रेमधून हलकेच उपसून पाहा: पांढऱ्या मुळांनी कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा घट्ट धरलेला असला पाहिजे. मुळं तपकिरी होऊन गोल गोल गुंडाळली असतील तर रोप ट्रेमध्ये फार दिवस राहिलंय, ते लावल्यावर रेंगाळतं. फुलं आलेलं रोप ‘लवकर फळ देईल’ म्हणून विकतात, ते नकोच. पानं उलटून खालची बाजूही बघा. पांढरी माशी असली तर ती घरच्या सगळ्या कुंड्यांवर पसरेल.

कुंडीऐवजी वापरायची ग्रोबॅग (झाडं लावायची पिशवी) १५ बाय १५ इंचांची घ्या. १२ इंची चालते, पण उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागते. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट धुवायचा कंटाळा करू नका, त्यातल्या क्षारांनी कोवळ्या पानांच्या कडा करपतात. लावणी संध्याकाळी करा. खालची पानं काढून रोप वरच्या पानांपर्यंत मातीत गाडा, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. (कलमी रोप मात्र असं गाडायचं नाही, जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे.) पाच फुटी काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवलीत तर मुळं तुटतात.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती फळाच्या बुडाला पडणाऱ्या काळ्या, चामड्यासारख्या डागाची. लोक लगेच बुरशीनाशक मारतात. हा रोगच नव्हे, फळाला कॅल्शियम कमी पडल्याची खूण आहे, त्यामुळे वाणाचा प्रतिकारही इथे कामाचा नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत पोचतं. एक दिवस बॅग कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की ते तुटक पोचतं. कॅल्शियमसाठी घातलेली अंड्याच्या टरफलांची पूड कुजायला फार वेळ घेते, या हंगामात तिचा उपयोग जवळजवळ शून्य. रोज ठरावीक वेळी पाणी आणि वर पालापाचोळ्याचं दोन इंची आच्छादन, एवढं केलंत तर पुढची फळं बहुधा स्वच्छ येतात. डाग पडलेली फळं काढून टाका.

फुलं गळत असतील तर आधी तापमान बघा. दुपारी पारा ३५ अंशांच्या वर गेला की फळधारणा घटते, म्हणून गच्चीवर पहिल्यांदाच लावायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला टिचकी मारा, पराग झडायला तेवढं पुरतं.

उणिवाही आहेत. उशिरा येणारा करपा, नागअळी, फळ पोखरणारी अळी यांपासून हा वाण वाचवत नाही. झाडाला १८-१९ किलोंचा जो आकडा सांगतात तो शेतातला, ठिबक आणि खतांच्या वेळापत्रकावरचा. बॅगेत तीन-चार किलो निघाले तरी उत्तम समजा. फळ घट्ट आणि टिकाऊ. कोशिंबिरीला छान, पण साराला लागणारा आंबटपणा देशी टोमॅटोइतका नाही. शिवाय वाण संकरित असल्यामुळे घरच्या फळाचं बी धरून पुढच्या वर्षी तेच झाड मिळत नाही, रोपं पुन्हा विकतच आणावी लागतात.