मांडीतली हायडॅटिड गाठ: आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातला सर्जरी विभाग

आबांच्या मांडीतली गाठ लिंबाएवढी होती, ती वाढत मोसंबीएवढी झाली. दुखत नव्हती, म्हणून ते दाखवायलाच तयार नव्हते. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी न करताच "चरबीची गाठ आहे, जागेवर भूल देऊन काढू" म्हणाले. मन धजेना, म्हणून इथे आलो.

ओपीडीतल्या मॅडमनी गाठीला हात लावायच्या आधी विचारलं, "मेंढरं आहेत का? कुत्री किती?" आमचा पिढीजात धंदाच तो. सोनोग्राफीत मोठ्या गाठीच्या पोटात लहान लहान गोल गाठी दिसल्या. त्यांनी स्क्रीन आबांकडे वळवली आणि समजावलं: कुत्र्याच्या आतड्यातल्या जंताची अंडी पोटात गेली की अशी गाठ होते, तिलाच हायडॅटिड म्हणतात. ती बहुतेक वेळा लिव्हरमध्ये, नाहीतर फुफ्फुसात होते, मांडीत क्वचितच. म्हणून पोट आणि छातीही तपासली. तिथे काही नव्हतं.

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली, तरी त्यांनी संशय सोडला नाही. स्नायूतल्या गाठीत ती तशी येऊ शकते म्हणाले आणि एमआरआय करायला लावला. सुई घालून पाणी काढून बघायला साफ नकार दिला, कारण आतलं पाणी सांडलं तर जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, शिवाय तिथून नव्या गाठी होतात. जागेवर भूल देऊन कुणी ती कापली असती तर काय झालं असतं, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

ऑपरेशनआधी अल्बेंडाझोल ही जंतावरची गोळी, ४०० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले पॅड ठेवून ती न फोडता अख्खी काढली. बरणीत दाखवली तेव्हा पांढरीशुभ्र, गुळगुळीत होती. नंतरही गोळ्या चालू राहिल्या आणि मधूनमधून लिव्हरची रक्ततपासणी झाली.

एमआरआयला ताटकळावं लागलं. डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत. गोळी तेलातुपाच्या जेवणासोबत घ्यायची, तरच ती अंगी लागते, हे नर्सताईंनी तोंडी सांगितलं म्हणून कळलं. कुत्र्यांना कापलेल्या मेंढराची आतडी-काळीज घालू नका आणि त्यांना वेळेवर जंताचं औषध द्या, हेही आम्ही विचारल्यावरच सांगितलं. वाड्यावरच्या माणसांसाठी हे मराठीत छापून भिंतीवर लावाच.

जाणाऱ्यांनी सकाळी लवकर केस पेपर काढा, जुन्या फिल्म सोबत न्या आणि घरी मेंढरं-कुत्री असतील तर न विचारता सांगा.