बर्मानी की स्पॅट्युलाटा? कुंडीतली दवबिंदू ओळखताना

बर्मानी आणि स्पॅट्युलाटा या ड्रॉसेराच्या, म्हणजे दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीच्या, दोन जाती. दोन्ही रुपयाएवढ्या, मातीला चिकटलेल्या. फुलं येईपर्यंत नर्सरीवालेही गोंधळतात. बर्मानीचं पान पाचरीसारखं. चिलट बसलं की पानाच्या कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात. स्पॅट्युलाटाचं पान चमच्यासारखं, हालचाल फारच सावकाश. पक्की खूण फुलाच्या दांड्यावर: बर्मानीचा गुळगुळीत, फूल पांढरं; स्पॅट्युलाटाचा लवदार, फूल बहुधा गुलाबी.

मेहनत सारखीच. पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि धुतलेली वाळू, खत अजिबात नाही, थाळीत सेंटीमीटरभर पावसाचं किंवा आरओचं पाणी. साताऱ्यात बोअरचं पाणी घालू नका, क्षारांनी मुळं जातात.

बर्मानी बहुधा वर्षभरात बी टाकून मरते. स्पॅट्युलाटा वर्षानुवर्षं टिकते. शिकार बघायची हौस आणि पुन्हा पेरायची तयारी असेल तर बर्मानी, एकच कुंडी जपायची तर स्पॅट्युलाटा. बर्मानी कासच्या सड्यावर रानातच वाढते. तिथून कृपा करून उपटू नका, बियाणं विकत घ्या.